केमिकल फ्री गूळ आणि सेंद्रिय गूळ: पाकिटावर नेमकं काय छापायचं?

प्रश्न असा आलाय. कोल्हापुरातल्या एक ताई घरी शेंगदाण्याची चिक्की आणि तिळाचे लाडू करून विकतात. गूळ त्या एका गुऱ्हाळावरून थेट आणतात. गुऱ्हाळवाल्याचं म्हणणं, 'आमचा गूळ केमिकल फ्री आहे, म्हणजे सेंद्रियच की.' आता पाकिटं छापायला टाकायची आहेत. 'सेंद्रिय गुळाची चिक्की' असं छापलं तर चालेल का, आणि दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना, असं त्यांनी विचारलंय.

नाही ताई, एकच नाही. 'सेंद्रिय' तर आत्ता अजिबात छापू नका. असा घोळ करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. गुऱ्हाळावर, मार्केट यार्डात, किराणा दुकानात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि ग्राहक दोन्हींचे पैसे मोजतो. मी गूळ करण्यात आणि विकण्यात आयुष्य घालवलंय, म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

'केमिकल फ्री' ही काहिलीतली, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतली गोष्ट आहे आणि 'सेंद्रिय' ही रानातली. पहिला शब्द रस काहिलीत पडल्यापासून गूळ निवायला वाफ्यात ओतेपर्यंत त्यात काय घातलं नाही एवढंच सांगतो. दुसरा त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. ऊस लावायच्या आधी त्या जमिनीत काय पडलं होतं, खत कुठलं, तण कसं काढलं, बेणं कुठून आलं, मग तोड, मग गुऱ्हाळ, मग पोतं, मग तुमचं दुकान, आणि या सगळ्याची लेखी नोंद. म्हणून सेंद्रिय गूळ साधारणपणे केमिकल फ्री असतोच, पण केमिकल फ्री गूळ सेंद्रिय असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच. युरिया, पोटॅश, तणनाशक सगळं घेतलेला ऊस आणा आणि काहिलीत फक्त भेंडी घाला. तो गूळ 'केमिकल फ्री' म्हणून विकला जातो आणि विकणारा खोटं बोलतोय असंही म्हणता येत नाही, कारण त्याने उसाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

आता काहिलीत काय होतं ते बघा, म्हणजे 'केमिकल' कशाला म्हणतात ते कळेल.

ताजा रस किंचित आंबट असतो आणि गढूळ असतो. गाळून तो काहिलीत सोडतात, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. रस तापायला लागला की रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात कुस्करून केलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओततात. त्या चिकट्याला घाण धरते आणि मळी बनून वर येते. ती झाऱ्याने काढत राहायची. आंबटपणा मारायला आणि गूळ घट्ट, रवाळ व्हायला चुन्याची निवळी घालतात. मग रस आटत जातो, फेस बदलतो, बुडबुडे जड होतात. १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवला तर काकवी, ११६ ते ११८ अंशांपर्यंत नेला तर गूळ. थर्मामीटर नसला तरी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. गोळी दाताला न चिकटता टणक लागली की काहील उतरवायची.

इथपर्यंत कुणी नाव ठेवत नाही. गोष्ट बिघडते ती रंगावर. कोल्हापूरच्या सौद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून रंग बघतात आणि पिवळ्याधमक गुळाला दर चढतो. गुजरातकडे जाणाऱ्या मालाची रंगाची मागणी तर पिढ्यान्‌पिढ्यांची. उसाची जात, जमीन, नत्राचं प्रमाण, तोडीनंतर ऊस किती तास पडून राहिला, यातलं काहीही चुकलं की गूळ काळसर येतो. मग हायड्रोसचा डबा निघतो. सोडियम हायड्रोसल्फाइट हे त्याचं नाव, पांढरी भुकटी. उकळत्या रसात मूठभर पडली की काडेपेटीची काडी पेटवल्यासारखा उग्र वास सुटतो आणि तांबूस रस डोळ्यांदेखत पिवळा पडतो. बरं, हा रंग टिकाऊही नाही. साठवणीत तो हळूहळू परत काळा पडतो, पण तोवर सौदा झालेला असतो.

याच्याबरोबरीने कुणी खाण्याचा सोडा घालतं, कुणी सुपर फॉस्फेटचं पाणी, आणि अगदीच निर्ढावलेले कापडाचा रंग. यातल्या रंगाला कायद्यात जागाच नाही. हायड्रोसमधून येणाऱ्या गंधकाचं मात्र तसं नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश ७० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, चालतो. म्हणजे बेताने हायड्रोस मारलेला गूळही तपासणीत 'गूळ' म्हणून पास होऊ शकतो. एकूण साखरा ९० टक्क्यांच्या खाली नकोत, सुक्रोज ६० टक्क्यांच्या खाली नको, घट्ट गुळात ओलावा १० टक्क्यांच्या वर नको, अशा काही अटी पाळल्या की 'गूळ' हा शब्द मिळाला. एकात एक बसणारे डबे धरले, तर तो सगळ्यांत मोठा डबा.

त्या डब्यात 'केमिकल फ्री' हा मधला डबा बसतो. त्याची भानगड अशी की त्याला कडाच नाहीत. अन्न कायद्यात 'सेंद्रिय'ची व्याख्या आहे, 'केमिकल फ्री गूळ' याची वेगळी व्याख्या नाही. त्यामुळे जो तो आपल्याला सोयीची कड काढतो. एकाच्या मते हायड्रोस नाही म्हणजे झालं, सोडा चालतो. दुसरा सोडाही घालत नाही, पण चुना घालतो. तिसरा चुनाही नको म्हणतो, नुसती भेंडी. चुना केमिकल आहे का? रसायनशास्त्राने बघितलं तर अर्थातच आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण आपण तो विड्याच्या पानाला लावून खातो, म्हणून कुणाला तो 'केमिकल' वाटत नाही. गंमत म्हणजे सेंद्रिय प्रक्रियेच्या नियमांतही चुन्याला परवानगी आहे. तेव्हा 'चुनासुद्धा नको' असा कडक अर्थ तुम्ही धरलात, तर एखादा रीतसर प्रमाणित सेंद्रिय गूळ तुमच्या 'केमिकल फ्री'मध्ये बसणार नाही! म्हणून वर मी 'साधारणपणे' हा शब्द घातला. बाजारात रूढ असलेल्या अर्थाने, म्हणजे हायड्रोस, रंग वगैरे नाही या अर्थाने, 'सेंद्रिय'चा लहान डबा 'केमिकल फ्री'च्या मधल्या डब्यात नीट बसतो.

साखरेचं प्रकरण याहून चमत्कारिक. साखर स्वस्त आणि गूळ महाग असा काळ आला की काही ठिकाणी काहिलीत साखरेची पोती रिकामी होतात. रंग उजळतो, रवा कडक होतो, वजन वाढतं. आता साखर 'केमिकल' आहे असं कोण म्हणेल? तेव्हा असा गूळवालाही छातीठोकपणे 'केमिकल फ्री' सांगू शकतो. तुमच्या गुऱ्हाळवाल्याला 'केमिकल आहे का' असं कधीच विचारू नका. 'हायड्रोस घालता का, सोडा घालता का, साखर घालता का, रंग घालता का' असं एकेक नाव घेऊन विचारा. माणूस ढोबळ प्रश्नाला ढोबळ उत्तर देतो. नाव घेतलं की बरेचजण खरं सांगतात, निदान चाचरतात तरी.

आता सेंद्रिय. हा शब्द अरुंद आहे आणि कडक आहे. भारतात त्याचे दोन सरकारमान्य रस्ते आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, तो अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेमार्फत चालतो आणि त्यात बाहेरची प्रमाणन संस्था येऊन तपासते. दुसरा पीजीएस-इंडिया, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची रानं तपासतात. दोन्हींत रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ असतो. एनपीओपीत वार्षिक पिकाला पेरणीआधी दोन वर्षं, बारमाही पिकाला पहिल्या काढणीआधी तीन वर्षं. म्हणजे आज युरिया बंद केला आणि पुढच्या हंगामात सेंद्रिय गूळ काढला, असं होत नाही. २०१७ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सेंद्रिय खाद्यपदार्थांचे वेगळे नियम केले, ते जुलै २०१८ पासून लागू आहेत. त्यानुसार बाजारात 'सेंद्रिय' किंवा 'ऑरगॅनिक' म्हणून माल विकायचा तर या दोनपैकी एका व्यवस्थेचं प्रमाणपत्र हवं, आणि मग 'जैविक भारत' हे चिन्ह पाकिटावर येतं. सूट आहे ती लहान मूळ उत्पादकाला. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला शेतकरी किंवा शेतकरी गट स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल तर. तुम्ही ऊस पिकवत नाही, गूळ विकत घेऊन चिक्की करता. ही सूट तुमच्यासाठी नाही.

यावर एका शेतकऱ्याशी झालेलं बोलणं सांगतो, कारण असा वाद नेहमीच होतो. पन्हाळ्याकडचा माणूस, अतिशय प्रामाणिक. ऊस घेऊन गुऱ्हाळावर आला आणि म्हणाला, "आमच्या रानात शेणखताबिगर काय पडतच न्हाई. मग माझा गूळ सेंद्रिय का न्हाई?"

मी विचारलं, "पाणी कुठलं?"

"लिफ्टचं. सगळ्यांचं एकच."

"वरच्या अंगाला कुणाचं रान?"

"चुलत्याचं. ते तणनाशक मारत्यात की."

"आणि पाऊस आला की त्याचं पाणी कुठं जातं?"

यावर तो हसला. मग म्हणाला, "मग म्हणा की आम्ही जन्मात सेंद्रिय हुईत न्हाई."

तसं नाही. बांधाला चर काढता येतो, मध्ये मोकळा पट्टा सोडता येतो, गटात येता येतं. पण तेवढ्यावरही भागत नाही. त्याच्या आधी त्याच काहिलीत कुणाच्या तरी हायड्रोसच्या रसाचं आदण, म्हणजे एका वेळी काहिलीत उकळलेला घाणा, निघालेलं असतं. सेंद्रिय आदण घ्यायचं तर चरक, हौद, काहील, वाफा सगळं धुवायला हवं, सेंद्रिय उसाची मोळी वेगळी ठेवायला हवी, आणि एनपीओपीत गुऱ्हाळाचंही प्रमाणन लागतं. त्याचा ऊस खरोखर चांगला होता, गूळही सुरेख उतरला. खाणाऱ्याच्या तब्येतीच्या दृष्टीने तो प्रमाणित गुळापेक्षा कमी होता असं मी अजिबात म्हणणार नाही. पण 'सेंद्रिय' हा शब्द नुसत्या चांगुलपणाला मिळत नाही. ज्याने रान बघितलेलं नाही अशा लांबच्या गिऱ्हाइकाला दिलेली ती हमी असते, आणि हमीला कागद लागतो. त्या माणसाला मी सांगितलं, 'शेणखतावरच्या उसाचा, भेंडी घालून केलेला' असं लिहून विक. लांबलचक आहे, पण शब्दन्‌शब्द खरा आहे आणि विचारणाऱ्याला दाखवता येतो.

प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन येणारेही भेटतात. 'कीटकनाशकांचा अंश सापडला नाही, म्हणजे सेंद्रिय.' नाही. अहवाल त्या नमुन्यात काय आहे ते सांगतो, रानात काय झालं ते नाही. युरियावर वाढलेल्या उसाच्या गुळातही कीटकनाशक सापडेलच असं नाही, कारण युरिया हे खत आहे, कीटकनाशक नव्हे. फाजील नत्राने उसात सुक्रोज कमी आणि साध्या साखरा जास्त होतात, गूळ मऊ पडतो, पाणी सुटतं, रंग जातो. हे जीभ आणि हात सांगतात, पण 'सेंद्रिय'चा पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. उलट गंधकाच्या तपासणीचा तुम्हाला उपयोग आहे. तुमचा दावा काहिलीपुरता असेल तर सल्फर डायऑक्साइडचा अहवाल नेमका त्याच दाव्याला पाठबळ देतो.

रंगावरून ओळखायचं वेड आता उलट्या बाजूला गेलंय. पूर्वी पिवळा तो चांगला, आता काळा तो सेंद्रिय! काळा गूळ चुना जास्त झाल्यानेही होतो, करपल्यानेही होतो, शिळ्या उसाचाही होतो, खारवट जमिनीतल्या उसाचाही होतो. शिरोळकडच्या क्षारपड रानांतल्या उसाचा गूळ चाखून बघा, रंगाआधी खारटपणाच कळेल. पुण्या-मुंबईच्या दुकानांत असा माल 'ऑरगॅनिक' म्हणून दुप्पट भावाने ठेवलेला मी बघितलाय.

'नैसर्गिक शेतीचा गूळ' हा आणखी एक शब्द हल्ली ऐकू येतो. जीवामृत, आच्छादन वगैरे पद्धतीतला. त्याच्यामागे तत्त्वज्ञान आहे, मंडळीही निष्ठेची आहेत, पण पाकिटावर 'नैसर्गिक' छापताना सांभाळा. खाद्यपदार्थांच्या दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल' अशा शब्दांना अटी घालतात. चिक्कीसारख्या मिश्र पदार्थाला त्या वाटेला न जाणंच बरं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पाकिटावर येणार याची मला खात्री आहे असा आणखी एक शब्द म्हणजे 'कोल्हापुरी गूळ'. तोही अरुंद शब्दच, पण त्याची अरुंदी वेगळ्या दिशेची. तो रसायनाबद्दल काही बोलत नाही, गावाबद्दल बोलतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे बसवला, तेव्हापासून हे नाव देशभर चालतं. २०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन झालं की ते नाव कुणीही वापरावं असं राहत नाही, ठरलेल्या भागात ठरलेल्या रीतीने केलेल्या मालाचं होतं, आणि ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. सीमेपलीकडून आलेला गूळ इथल्या नावाने पुढे जातो ही आपल्या बाजाराची जुनी तक्रार आहेच. पण ध्यानात ठेवा, अस्सल कोल्हापुरी गुळात हायड्रोस असू शकतो, आणि पूर्ण सेंद्रिय गूळ कोल्हापूरचा नसूही शकतो. हे दोन शब्द एकमेकांच्या पोटात बसत नाहीत, काही माल दोन्हींत येतो इतकंच.

आता तुमचं पाकीट.

समजा उद्या तुम्हाला प्रमाणपत्रासकट सेंद्रिय गूळ मिळाला. तरी 'सेंद्रिय चिक्की' होत नाही. मिश्र पदार्थाला 'सेंद्रिय' म्हणायचं तर त्यातले किमान ९५ टक्के घटक प्रमाणित सेंद्रिय लागतात. तुमच्या चिक्कीत निम्मा भाग तरी शेंगदाणा, तो तुम्ही भुसारी दुकानातून आणता. एनपीओपीच्या नियमांत सेंद्रिय घटक ७० टक्क्यांच्या खाली असतील तर पदार्थाच्या नावात तो शब्द येत नाही, फक्त घटकांच्या यादीत त्या घटकापुढे लिहिता येतो. म्हणजे समोर 'शेंगदाणा चिक्की' आणि मागे घटकांत 'सेंद्रिय गूळ'. तेही गुऱ्हाळवाल्याकडे चालू स्कोप सर्टिफिकेट (त्याच्या सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र) असेल आणि तुमच्या खरेदीचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (त्या विक्रीपुरतं प्रमाणपत्र) मिळालं तर.

सध्याच्या गुळावर मी असतो तर पुढच्या बाजूला ठळक 'केमिकल फ्री'सुद्धा छापलं नसतं. वर सांगितलं तसं, त्या शब्दाला कडा नाहीत, आणि उद्या कुणी चुन्यावरून भांडायला आलं तर उत्तर देता देता नाकी नऊ येतील. त्याऐवजी 'हायड्रोस व कृत्रिम रंग न वापरलेल्या गुळाची' असं लिहा. हा दावा लहान आहे, पण तपासता येतो. मात्र तो लिहिण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. गुऱ्हाळवाल्याकडून बिलावरच तसं लिहून घ्या, तोंडी नको. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यात एकेका आदणाचा नमुना सल्फर डायऑक्साइडसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. आणि गूळ कुठल्या तारखेच्या आदणाचा, ते तुमच्या चिक्कीच्या बॅच नंबरशी जोडून वहीत ठेवा. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, तेव्हा तुम्ही यार्डातून किंवा शीतगृहातला गूळ घेणार. त्या महिन्यांतल्या पाकिटांवर हा मजकूर नको. म्हणून तो पाकिटावर कायमचा छापू नका, वेगळा स्टिकर करा आणि हंगामातल्या मालालाच लावा.